खंडीचा भाव

मुंबईच्या कापूस बाजारात रुईचा भाव आजही खंडीने बोलला जातो. धान्य मोजायच्या जुन्या खंडीशी हिचं नातं नावापुरतंच. कापसाची एक खंडी म्हणजे ३५६ किलो. हा आकडा असा आडनिडा का, याचं उत्तर इंग्रजी पौंडात आहे: ७८४ पौंडांची एक खंडी. देशात मेट्रिक मापं आली, पौंड गेले, तोळे-मासे सराफकट्ट्यापुरते उरले. खंडी मात्र राहिली, फक्त तिचं किलोत भाषांतर झालं. भाषांतर हाच व्यवसाय असल्यामुळे असेल, मला अशी मागे राहून गेलेली मापं फार बोलकी वाटतात. मूळ व्यवहार कुणाच्या सोयीने ठरला होता, ते त्यांच्यात टिकून राहतं.

शेतकरी कापूस विकतो तो खंडीने नव्हे, क्विंटलने. आणि तोही सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी रुई उरते, म्हणजे एका खंडीला दहा-साडेदहा क्विंटल कापूस लागतो. पिकवणाऱ्याचा हिशेब एका मापात आणि विकणाऱ्याचा दुसऱ्या. हा फरक लक्षात ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

‘जागतिकीकरण’ हा शब्द मराठीत १९९०च्या दशकात रुळला. खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची आद्याक्षरं जुळवून ‘खाउजा’ असा एक मिस्कील शब्दही त्याच सुमारास निघाला. या शब्दांमुळे एक समज पक्का झाला, की जग आपल्या दारात आलं ते १९९१ साली. वऱ्हाडच्या कापसापुरतं बोलायचं तर ही तारीख एकशेतीस वर्षं मागे न्यावी लागते. आणि तारीख मागे नेली की नेहमीचा प्रश्नही जरा वेडावाकडा दिसू लागतो. जागतिकीकरणाने देशाचं भलं झालं की वाईट, असं आपण विचारतो तेव्हा देश हा एकच खातेदार धरतो. कापसाच्या वहीत असा एक खातेदार मला तरी कुठल्याच काळात सापडलेला नाही.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तोवर याच बंदरांतून, गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या मळ्यांतून येत होता. लँकशायरच्या गिरण्या थंडावल्या, तिथल्या कामगारांच्या चुली विझल्या आणि लिव्हरपूलच्या दलालांनी मुंबईकडे तोंड वळवलं. हिंदुस्थानी कापूस त्यांना आवडत होता असं मुळीच नाही. आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या या मालाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि तो शब्द हलक्या मालाची शिवी होऊन बसला होता. देवा, कापूस पाठव पण सुरतचा नको, अशी प्रार्थना लँकशायरच्या एका प्रार्थनास्थळात झाल्याची गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातली नड खरी होती. आमच्या अमरावतीचं नाव तर त्या बाजाराने चावून चावून ‘ऊमरा’ करून टाकलं. लिव्हरपूलच्या भावपत्रकात ऊमरा, धोलेरा, भडोच, हिंगणघाट अशी नावं रांगेने छापली जात. हिंगणघाट तेवढं बऱ्यापैकी शाबूत राहिलं. तिथला कापूस जरा लांब धाग्याचा, म्हणून कदाचित नावही नीट उच्चारण्याचे कष्ट घेतले असतील.

हा वऱ्हाड इंग्रजांकडे येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी मारलेला होता. तो थकला आणि त्या थकबाकीपोटी १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. म्हणजे पुढे ज्या प्रदेशातले लोक पिढ्यान्‌पिढ्या कर्जात राहिले, तो प्रदेशच मुळात एका कर्जापायी हातातून गेलेला होता. योगायोग म्हणून सोडून द्यावा तर सोडवत नाही.

युद्धाआधीही वऱ्हाडचा कापूस दूरवर जात होता. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे तो मिर्झापूरला गंगेकाठी नेत, काही मुंबईला उतरवत. पण त्या व्यापाराचा वेग बैलाचा होता. भावही बैलाच्या पावलाने चालत असे, त्यामुळे एका हंगामातली तेजी-मंदी गावात पोचेपर्यंत अर्धी विरून जाई. १८६१ नंतर मात्र तेजी अशी आली, की मुंबईत भाव तीन-चार पटींवर गेले. सोन्याचांदीने भरलेली जहाजं बंदराला लागू लागली. या पैशावर मुंबईत शेअरांचा जुगार सुरू झाला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, त्या बँकांना पैसे पुरवणाऱ्या आणखी बँका निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. प्रेमचंद रायचंद या एका माणसाची चिठ्ठी म्हणजे नाणं, असे ते दिवस होते.

९ एप्रिल १८६५ला जनरल ली शरण आला. वायद्यांचे सौदे पुरे करायचा दिवस १ जुलैला उजाडला तेव्हा ते पुरे करायला कुणाकडे पैसेच नव्हते. बँका बसल्या, खुद्द सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेही वाचली नाही. प्रेमचंदांनी तेजीत असताना विद्यापीठाला देणगी देऊन ठेवली होती म्हणून १८७८ साली राजाबाई टॉवर उभा राहू शकला. मुंबईवर लिहिणारे या साऱ्या प्रकाराचं वर्णन मोठ्या चवीने करतात, आणि ते साहजिकही आहे. त्यात नाट्य आहे, हवेल्या आहेत, दिवाळखोर आहेत. पण हा फुगा फुटला आणि गोष्ट संपली असं समजण्यात मोठी चूक होते. मुंबईतली गोष्ट संपली. वऱ्हाडातली तिथून सुरू झाली.

कारण भाव उतरले तरी व्यवस्था उतरली नाही. तेजीच्या काळात जे आखलं गेलं ते पुढच्या दहा वर्षांत पुरं झालं. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७०च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. काय तर जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या फाट्याचं उद्घाटन करायला! आठ मैलांसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या मैलांची किंमत कळावी. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला तसाच फाटा गेला. त्याच सुमारास समुद्रातल्या तारेने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. राली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स अशा युरोपीय पेढ्यांची माणसं वऱ्हाडातल्या बाजारात येऊन बसू लागली, जिनं आणि प्रेस उभे राहिले, पाणी मारून गाठी दाबल्या जाऊ लागल्या. लिव्हरपूलला सकाळी निघालेला भाव खामगावच्या अडत्याला गाडीवान बैल सोडायच्या आत कळू लागला. गाडीवानाला तो कळत नव्हता.

या शेवटच्या वाक्यातच खरं तर सारा मामला आहे. अंतर कमी झालं ते दोघांसाठी सारखं कमी झालं नाही.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने एक कापूस कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याचे अहवाल वाचण्यासारखे आहेत, कारण माणूस कामसू होता आणि मनातलं लपवत नव्हता. मालात भेसळ होऊ नये, हिंगणघाटचं चांगलं बी टिकावं म्हणून त्याने जिवाचं रान केलं. आणि त्याच हाताने त्याने हेही लिहून ठेवलं, की रेल्वे या भागात गेली तर विलायती कापड स्वस्तात येईल, इथले विणकर त्यापुढे टिकणार नाहीत, मग जो कापूस ते इथेच वापरून टाकतात तो निर्यातीला मोकळा होईल आणि ते हात शेतीला लागतील. यात त्याला काही दुष्टपणा वाटला नसावा. हिशेब होता तो. पुस्तकांत आपण वाचतो की बाजारपेठेच्या रेट्यापुढे देशी उद्योग बुडाले. इथे रेटा देणारा माणूस आपली अपेक्षा सहीनिशी नोंदवून ठेवतो. जागतिकीकरणाविषयी बोलताना आपण ‘लाट’, ‘वारे’, ‘प्रवाह’ असे निसर्गातले शब्द वापरतो. मराठीतही आणि हिंदीतही. ते मला भाषांतरात नेहमी खटकतात. लाटेला कमिशनर नसतो.

जकातीचंही तेच. १८७९ साली लॉर्ड लिटनने आपल्याच कौन्सिलातल्या बहुसंख्य सदस्यांचा विरोध डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची आयात जकात काढली. १८८२ साली उरलीसुरलीही गेली. तिजोरीसाठी पुढे जकात परत बसवावी लागली तेव्हा मँचेस्टरच्या समाधानासाठी १८९६ साली हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर तेवढीच, साडेतीन टक्के, अबकारी लावली. ती १९२५पर्यंत टिकली. याच लिटनने १ जानेवारी १८७७ला दिल्लीच्या उत्तरेला मोठा दरबार भरवून व्हिक्टोरियाला कैसर-ए-हिंद जाहीर केलं होतं. दख्खन आणि मद्रास इलाख्यात त्या वेळी दुष्काळाने माणसं मरत होती. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपल्या गिरणीचं उद्घाटन केलं आणि तिला एम्प्रेस हे नाव दिलं. दरबाराचं मैदान आज कॉरोनेशन पार्क म्हणून ओळखलं जातं. नवी दिल्लीतून हटवलेले साहेबांचे पुतळे तिथे आणून ठेवले आहेत. नागपूरची गिरणीही आता बंद आहे. पण त्या गिरणीचा मुद्दा साधा नाही. शेतातल्या कापसाशेजारीच सूत काढलं तर वाहतूक वाचते, हा जमशेटजींचा हिशेब अचूक ठरला आणि एम्प्रेसने चांगला नफा कमावला. बाजार जोडले गेले म्हणून एका हिंदी माणसाची गिरणी उभी राहिली, आणि त्याच जोडणीने विणकर बसले. देशाच्या खात्यात यातलं काय मांडायचं?

वऱ्हाडातला पुढचा भाग सांगायला जड जातो. ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरत गेला. कापसाने रोख पैसा दिला, सरकारने सारा रोखीत मागितला, सावकाराने बी-बियाण्याला आणि लग्नकार्याला रोख दिली. तिन्ही रोखी एकमेकींत अडकल्या. पुणे-नगरकडे या अडकण्याचा स्फोट आधीच झाला होता: १२ मे १८७५ला सुप्यात लोकांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जरोखे जाळले. वऱ्हाडची जमीन काळी, पाऊस बरा, तिथे दुष्काळ पडत नाही अशी ख्याती होती. १८९९ साली पाऊस गेला. हाच छप्पन्नचा दुष्काळ, विक्रम संवत १९५६वरून पडलेलं नाव. रेल्वे होती, बाजार होते, धान्यही येत होतं. नव्हता तो ते विकत घ्यायला पैसा. पूर्वी पेवात ज्वारी असे, आता पेव नव्हतं आणि कापूसही नव्हता. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी दीड लाखाच्या आसपास माणसं कमी. गावागावांतले बलुतेदार आणि मजूर यांत आधी गेले असणार, कारण पैशाचा धागा त्यांच्यापर्यंत सगळ्यात बारीक होऊन पोचत होता.

विसाव्या शतकाचा पहिला निम्मा भाग इथे भराभर ओलांडायला हरकत नाही. गिऱ्हाईक बदललं, लिव्हरपूलच्या जागी कोबे आणि ओसाका आले. १८९३ साली मुंबई-जपान जहाज सुरू झाल्यापासून आखूड धाग्याच्या आमच्या मालाला तिथे मागणी वाढत गेली. १९३०च्या मंदीने भाव पुन्हा कोसळवले. गिऱ्हाईक कोणीही असो, भाव कळण्याचा क्रम तोच राहिला.

तो क्रम मोडायचा सरळ प्रयत्न झाला १९७२ साली, महाराष्ट्राच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने. कापूस फक्त सरकारला विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, आणि भाव सरकार ठरवणार. कल्पना चांगली होती. व्यवहारात चुकारे महिनोन्‌महिने रखडत; बाहेर भाव चढला की कापूस रात्री मध्य प्रदेशात आणि आंध्रात जाई, पडला की तिकडचा इकडे येई. जगाच्या भावाला राज्याच्या सीमेवर नाकं लावून अडवता येत नाही, हे त्या रात्रीच्या ट्रकांनी दाखवून दिलं.

इथे शरद जोशींचा उल्लेख टाळता येत नाही, आणि टाळूही नये. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ शेती करायला आले आणि शेतकरी संघटनेचे नेते झाले. कापसाच्या भावासाठी १९८६च्या डिसेंबरात हिंगोलीजवळ सुरेगावला झालेल्या गोळीबारात त्यांच्या आंदोलनातले तीन शेतकरी ठार झाले. आणि हेच जोशी पुढे डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा दिल्लीतल्या डाव्या वर्तुळांना तो विश्वासघात वाटला. त्यांचं म्हणणं बारकाईने पाहिलं तर तर्क घट्ट होता. सरकार निर्यातबंदी घालतं, स्वस्त माल आयात करतं, भाव पाडतं. म्हणजे शेतकऱ्याला अनुदान मिळत नाही, त्याच्याकडून काढून घेतलं जातं. ‘उणे अनुदान’ हा त्यांचा शब्द, आणि भारताने जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत स्वतः सादर केलेले आकडेही उणेच निघाले. शेतकऱ्याला परक्या बाजारापेक्षा आपल्या सरकारची भीती जास्त, असं ते सांगत होते. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी त्यांनी केलेली फोड पुढे गुळगुळीत होऊन भाषणांत गेली. मूळ अर्थ मात्र अर्थशास्त्रातला होता. देश नावाचा खातेदार एक नाही, दोन आहेत, आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पैसे वळते होतात.

त्यांचं एक गृहीतक चुकलं असं मला वाटतं. पलीकडचे लोकही तोच खेळ नियमाने खेळतील, हे ते. २००३च्या सप्टेंबरात मेक्सिकोत कानकूनला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली तेव्हा बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार पश्चिम आफ्रिकी देशांनी कापसाचा प्रश्न मांडला. अमेरिका आपल्या काही हजार कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देते की जगातला भाव पडतो आणि आमचे लाखो शेतकरी बुडतात, एवढीच त्यांची तक्रार. परिषद फिसकटली. ब्राझीलने वेगळी वाट धरली: खटला भरला आणि जिंकला. पण अमेरिकेने अनुदान पुरतं मागे घेतलंच नाही. शेवटी २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन तिने ब्राझीलशी मिटवून घेतलं. आपल्या शेतकऱ्याचं अनुदान चालू राहावं म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे द्यायचे, असा हा तोडगा. मालीच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळालं नाही, यवतमाळच्याही नाही. यवतमाळ तेव्हा वेगळ्याच कारणाने बातम्यांत होतं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले.

आता २०२५च्या ऑगस्टकडे येऊ. मी राहते त्या नोएडात, आणि यमुनेपलीकडे गुडगाव, मानेसर, फरिदाबादमध्ये, तयार कपडे शिवून परदेशी पाठवणारे कारखाने शेकड्यांनी आहेत. शिवणारे बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरची वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, दिल्लीतल्या अर्थ मंत्रालयाने कापसावरची ११ टक्के आयात जकात तात्पुरती माफ केली. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. कपडे निर्यात करणाऱ्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हेतू. हेतूला नावं ठेवायला मी धजत नाही. इथल्या वस्त्यांत ऑर्डर थांबली म्हणजे काय होतं ते दिसतं. शिलाई कामगाराला आठवड्याचं काम मिळालं नाही तर खोलीचं भाडं तुंबतं.

पण वर्षअखेर म्हणजे विदर्भातला कापूस बाजारात यायचा काळ. जकात गेल्याबरोबर भारतीय कापूस महामंडळाने आपल्याकडच्या रुईचे विक्रीदर खंडीमागे उतरवले. अमेरिकेची जकात नोएडाच्या शिलाई यंत्रावर पडली आणि तिचा भार दिल्लीच्या एका अधिसूचनेने हजार किलोमीटरवरच्या वेचणीवर नेऊन ठेवला. १८७९चा लिटन परका होता, हे सरकार आपण निवडलेलं आहे. हा फरक लहान नाही. भार सरकवण्याची दिशा मात्र ओळखीची वाटते.

लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. बाजार त्याच्या खाली असला तर महामंडळाला विकायचा, पण त्यासाठी आधी ‘कपास किसान’ नावाच्या मोबाइल ॲपवर नोंदणी हवी. नाव हिंदी. वऱ्हाडी कास्तकार कपास म्हणत नाही, कापूस म्हणतो. तेही चालवून घेता येईल. नोंदणी झाली, सातबाऱ्यावर पेरा चढला, दिवस मिळाला, गाडी भाड्याने करून कापूस केंद्रावर आणला, की ग्रेडर त्यात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. आठ ते बारापर्यंत कपात. आकडा बाराच्या पुढे गेला तर गाडी परत. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबर सरत आला तरी थांबत नव्हता. केंद्राच्या फाटकाबाहेर खाजगी व्यापाऱ्याचा माणूस उभाच असतो, त्याला ओला कापूस चालतो. मुंबईचा खंडीचा भाव त्याच्या फोनवर आलेला असतो.